आम्ही शेख कसे झालो

माझे पूर्वज अरबस्तानातून आले. कधी आले ते बहुतेकांना सांगता येत नाही, मला येतं. मी पहिलीत बसलो त्या सकाळी, शाळेची घंटा झाल्यावर थोड्या वेळाने आले.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. बा मला बखोटीला धरून घेऊन गेला होता. गुरुजींनी माझं नाव विचारलं, बाने सांगितलं. बापाचं नाव विचारलं, तेही सांगितलं. मग म्हणाले, "आडनाव?"

"मुलानी."

"अरे, मुलाणी हा तुझा धंदा झाला. मी आडनाव विचारतोय."

बा कोड्यात पडला. त्याच्या समजुतीप्रमाणे कुंभाराचं पोर कुंभार आणि सुताराचं पोर सुतार. त्यापलीकडे माणसाला आणखी काही लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "मंग तुमीच लिवा गुरुजी, काय बरं दिसंल ते."

गुरुजींनी टाक दौतीत बुडवला. "तुमच्यात शेखच असतात," असं म्हणून लिहून टाकलं. झालं. वाळवंट, उंट, खजुरीची झाडं, सगळं एका फटकाऱ्यात आमच्या पाठीमागे येऊन उभं राहिलं. बा मला सोडून निघाला तो सरळ एका वस्तीवर बोकड कापायला गेला, कारण आपण अरब झाल्याची खबर त्याला अजून नव्हती.

मुलाणी म्हणजे काय, हे आताच्या शहरी माणसाला सांगावं लागतं. आमच्या भागात, घोडेगावच्या बाजाराच्या आसपासच्या गावांत, बोकड कुणाचंही असो, सुरी मुलाण्याची. पाटलाच्या घरचं कार्य असो की माळ्याचा नवस, मुलाण्याने येऊन बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय मटण चुलीवर चढत नसे. घरात दहा धडधाकट पुरुष असले तरी ते बोकड खुंट्याला बांधून मुलाण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. त्याबद्दल आम्हाला खळ्यावर धान्य मिळे आणि दर बोकडामागे मानेचा तुकडा. मशिदीत दिवा लावायचा, मयताला उभं राहायचं, हीही कामं बाच्याकडेच होती. पण गावाला बा आठवायचा तो भूक लागल्यावर.

तर गुरुजींच्या कृपेने आमच्या घराची फाळणी झाली. थोरला भाऊ शाळेत गेलाच नाही, तो मुलाणी राहिला. मी शेख. माझ्या पाठची बहीण सातवीपर्यंत शिकली, तीही शेख. बा आणि आई मुलाणी. एका ताटात जेवणारी पाच माणसं, त्यांतली दोन अरबस्तानची, तीन गावची. शेजारच्या आळीत अत्तार होते, तांबोळी होते, एक पिंजारी होता. त्यांची पोरं जसजशी शाळेत आली तसतशी गुरुजींनी तीही शेखांत ढकलली. पाचसहा वर्षांत त्या एकट्या माणसाने आमच्या गावात एवढे शेख वसवले, की तेवढे आणायला एखाद्या सुलतानाला जहाजं लागली असती.

पुढे मी नगरला कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात, म्हणजे गुरुजींच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही घराण्यांत, कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. याचा मला अभिमान होता आणि आहे, तो लपवण्याइतका मी सुसंस्कृत झालो नाही. पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. "शेख" म्हणताच सातजण उभे राहिले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आम्ही सातच राहिलो. मग त्यांनी आम्हाला नंबर दिले. मी शेख नंबर चार. चार वर्षं मी त्या नंबरावर काढली. सातांपैकी एकाचे वडील कोपरगावला गाद्या पिंजायचे, एकाचे श्रीरामपूरला बांगड्या विकायचे, एकाचे संगमनेरकडे विड्या वळायचे. सगळ्यांचे आजोबा अरबस्तानातले. आम्ही एकमेकांना फार खोदून विचारत नसू. तेवढी समज सातांनाही होती.

लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात मी शेख या शब्दाचा अर्थ शोधून काढला. शेख म्हणजे वयोवृद्ध, टोळीचा म्होरक्या, मान्यवर माणूस. सहा वर्षांच्या शेंबड्या पोराला गुरुजींनी टोळीचा म्होरक्या केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पुढे असंही लिहिलं होतं, की या देशात जो मुसलमान झाला आणि ज्याला सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्यालाही हेच आडनाव मिळत गेलं. म्हणून ते जिकडेतिकडे आहे. ते पान मी दोनदा वाचलं, पुस्तक जागेवर ठेवलं आणि उरलेल्या सहा शेखांपैकी कुणालाही त्याचा पत्ता सांगितला नाही.

आमच्यात जात नाही, हे आम्ही सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगतो. आम्ही ती फक्त सोयरीक जमवताना विचारतो. तेव्हा मात्र सय्यद वर, शेख-पठाण त्यांच्या खाली, आणि मुलाणी, अत्तार, तांबोळी, पिंजारी हे त्याहून खाली, जिना नीट झाडून ठेवलेला असतो. बहिणीला एकोणिसावं लागलं होतं तेव्हा राहुरीकडचे लोक तिला पाहायला आले. जेवायला बसले. मटण इतकं आवडलं, की एकेकाने सातसात भाकरी खाल्ल्या. एकाने विचारलं, "कापलंय बाकी झकास. कोणी कापलं?" बा खुश होऊन म्हणाला, "म्याच की. मुलानी हाय मी गावचा." चौथ्या दिवशी निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण आमच्यात मुलाण्यांशी सोयरीक होत नाही.

बहीण भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मटन चाललं, मुलानी चालंना." आणि भाकरी तव्यावर अशी आपटली, की आईने नवा तवा पाहायला पाहिजे असं म्हटलं. त्या दिवसानंतर ती कुणाच्या लग्नाला गेली नाही. कुणी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणायची. दोन वर्षं तिचं डोकं दुखत होतं.

मी बी.ए. झालो ते दुष्काळ संपला त्या साली. दुष्काळात लोकांनी पिराला नवस बोलून ठेवले होते, विहिरीला पाणी येऊ दे, बोकड देईन. विहिरींना पाणी आलं. त्या हिवाळ्यात दर वस्तीवर कंदुरी. कंदुरी म्हणजे पिराच्या नावाने बोकड कापून गावजेवण घालायचं. बाच्या हातातली सुरी खाली ठेवली जाईना. शेवटी त्याच्या उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं, अंगठा वांग्याएवढा सुजला. थोरला भाऊ बैलगाडी घेऊन ऊसतोडीला कोपरगावकडे गेला होता. मी घरी होतो, नोकरीचे अर्ज करत. पण मला सुरी धरता येत नव्हती. बीएला तो विषय नव्हता.

अशात फुप्पा आले. फुप्पा म्हणजे आमच्या आत्याचे नवरे. श्रीरामपूरला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सायकलीखालोखाल त्यांना सोयरिकी दुरुस्त करायचा नाद. त्यांनी स्थळ आणलं होतं. मुलगा श्रीरामपूरचाच, एस.टी.त कंडक्टर, निर्व्यसनी, एकुलता एक.

"पण एक लक्षात ठेवा," फुप्पा आवाज खाली आणून म्हणाले. "खानदानी शेख आहेत. थेट अरबस्तानचे. मुलाण्याचा म सुद्धा तोंडातून निघता कामा नये. मी सांगून ठेवलंय, तुम्ही पण शेखच."

"पोरगी शेखच हाय," आई म्हणाली. "दाखल्यावर हाय की."

"दाखल्यावर भागत नाही. ते वंश विचारतील."

मी तोंडाचा फटकळ म्हणून गावात माझं नाव होतं. सरळ सांगा, पटलं तर करा, नाहीतर चालू पडा, असं मी बोलणार होतो. तेवढ्यात माझी नजर बहिणीकडे गेली. ती कोपऱ्यात तांदूळ निवडत होती आणि एकच तांदूळ तिने चारदा उचलून चारदा खाली ठेवला. मी फटकळपणा गिळला आणि कागद मागवले.

आमचा वंश मी एका दुपारी तयार केला. बाला आजोबांच्या पलीकडचं नाव माहीत नव्हतं. वरच्या चार पिढ्या मी फुलस्केपवर जन्माला घातल्या, वयात आणल्या आणि मारल्या. एकाला लढाईत मारलं, एकाला हजच्या वाटेवर. फुप्पा शेजारी बसून म्हणत होते, "अजून एक मोठा माणूस घाल." मग फुप्पांनी बाची तालीम सुरू केली.

"म्हणा, हमारे पुरखे अरबस्तान से आये थे."

"कशानं आले म्हनू?"

"घोड्यावरून."

"आन त्यांनी मला घोड्यावर बसायला सांगितलं तर?"

"कोण कशाला बसायला सांगेल? आणि मुलांनो, त्या दिवशी बा-बिन काही म्हणायचं नाही. अब्बाजान म्हणायचं."

बाने मान डोलावली. सुरी एरवी दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली असायची. ती आईने ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवली.

पाहुणे आले ते नेमके गुरुवारी, म्हणजे पिराच्या वारी, दुपारी. पाहुणे म्हणजे मुलाचे वडील एकटेच, सोबत फुप्पा. मुलाची आई नंतर येणार होती. आधी घर बघून घ्यायची त्यांच्यात रीत होती म्हणे. साठीचा, सडपातळ माणूस, डोक्याला फरची टोपी, अंगात काळी शेरवानी. शेरवानी खांद्यात सैल होती. मी तेव्हा म्हटलं, खानदानी माणूस आहे, आजोबांची असेल.

"तशरीफ रखिये," मी म्हणालो.

"शुक्रिया," ते म्हणाले.

"अब्बाजान," मी बाला हाक मारली. बा इकडेतिकडे बघू लागला. त्याला वाटलं, आणखी कुणी आलंय. फुप्पांनी कोपराने ढोसल्यावर तो पुढे झाला आणि सतरंजीवर बसला. सुजलेला अंगठा त्याने मांडीखाली दडवला.

पाहुण्यांनी घसा साफ केला. "आप के बुजुर्ग?"

"पुरखे अरबस्तानसे आये थे," बा एका दमात म्हणाला. "घोडे पे."

"माशाल्ला. हमारे भी."

"घोडे पे?"

"जी. घोडे पे."

एवढ्यावर दोन्हीकडचं उर्दू संपलं. पाहुणे छताकडे बघू लागले, बा जमिनीकडे. फुप्पा म्हणाले, "मौसम अच्छा है." सगळ्यांनी मौसम अच्छा असल्याचं मान्य केलं. आतून बहिणीने चहा पाठवला. मी माझ्या मारलेल्या आणि जन्माला घातलेल्या पिढ्यांचा कागद खिशातून काढणार, एवढ्यात अंगणातून हाक आली.

"आरं ए मुलानी! हाईस का घरात?"

आणि सतरंजीवरून दोन माणसं उठली. एक बा. दुसरे पाहुणे.

बा उठला हे समजण्यासारखं आहे, चाळीस वर्षं त्या हाकेला तो उठत होता. पण पाहुणेही उठले होते. अर्धवट नव्हे, चांगले उभे. एक हात टोपी सावरायला वर गेलेला आणि एक पाय चपलेच्या दिशेने पुढे टाकलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फुप्पांच्या हातातली बशी खाली गेली. तिचे किती तुकडे झाले ते नंतर कुणीच मोजले नाही.

दारात वस्तीवरची आक्का उभी होती. तिच्या विहिरीला पाणी लागलं होतं, तिची कंदुरी होती. तिने कमरेवर हात ठेवले.

"बोकड खुट्याला बांधून दुपार झाली. पावनं-रावळं उपाशी बसल्यात. तू हितं चा पितूस व्हय?"

"आक्का, अंगठा बघ की माजा," बा कसाबसा म्हणाला. "सांगितलं हुतं ना, सांजच्याला कुणाला तरी बघतो म्हनून."

"सांजच्याला काय, हाडं चघळायची?" तिचं लक्ष पाहुण्यांच्या पुढे टाकलेल्या पायाकडे गेलं. "आन ह्ये कोन? ह्ये बी मुलानीच की. लई झ्याक झालं. ह्यास्नीच घिऊन चल."

"नहीं नहीं," पाहुणे म्हणाले, "पांव में मुंग्या..." आणि पुढचं उर्दू त्यांना सुचेना. "पायाला मुंग्या आल्त्या म्हनून उठलो."

"मुंग्या वाटंनं जात्यात," आक्का म्हणाली. "चला."

आमच्या आक्काला नाही म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात नव्हता, मग श्रीरामपूरचा काय टिकतो? पाहुणे निघाले. बा निघाला. आईने कणगीत कोपरापर्यंत हात घालून सुरी काढली, ज्वारी झटकली आणि न बोलता माझ्या हातात दिली. फुप्पा मागे थांबले, बशीचे तुकडे गोळा करण्याच्या निमित्ताने. माझं लक्ष आतल्या दाराकडे गेलं. बहीण चौकटीला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच डोकेदुखी येऊ घातली होती.

वस्तीवर पोचलो. पाहुण्यांनी शेरवानी काढून बाजेवर टाकली आणि दंडावर बाही सारली. मला तेव्हा कळलं, की शेरवानी आजोबांची नसून भाड्याची होती. आत कॉलरला दुकानाची चिठ्ठी होती. त्यांनी आधी बोकडाला पाणी पाजायला सांगितलं. सुरी पाठीमागे धरली, बोकडाला दिसू नये म्हणून. तोंड पश्चिमेला वळवलं, डाव्या हाताच्या करंगळीने कान मागे दाबला. कान तसा करंगळीने दाबताना मी आयुष्यात एकच माणूस पाहिला होता, आणि तो माझ्या शेजारी सुजलेला अंगठा घेऊन उभा होता. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी सुरी फिरवली. एकदाच. दुसऱ्यांदा लागली नाही.

बाच्या तोंडून नकळत निघून गेलं, "वा!"

आक्काने पळसाच्या पानात मानेचा तुकडा आणला आणि पाहुण्यांपुढे धरला. ते एक पाऊल मागे सरले.

"ह्यो मान तुमचा. गाव तुमचं," ते बाला म्हणाले.

"हात तुमचा चालला. तुमीच घ्या."

"आवं, असं कसं? दुसऱ्याच्या गावात मी मान घिऊ? रीत हाय का?"

"आन दुसऱ्याच्या हाताचं मी घिऊ, ही रीत हाय का?"

आक्का पान हातात धरून दोघांकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "कुत्र्याला घालू का?" तेव्हा दोघांनी मिळून ते पान घेतलं.

परतताना बांधावर दोघे बसले. आता उर्दूची गरज राहिली नव्हती, त्यामुळे बोलणं नीट होऊ लागलं. पाहुणे कोपरगावपलीकडे गोदावरीकाठच्या एका गावचे मुलाणी. तिथे भावाभावांत गावकीचं धान्य पुरेना, म्हणून हे तरुणपणी श्रीरामपूरला आले, कापसाच्या जिनात लागले.

"आन शेख कवा झाला?" बाने विचारलं.

"शाळंत. गुर्जी म्हनले, धंदा सांगू नगं, आडनाव सांग."

बाने माझ्याकडे बघितलं. मी कागदावर मारलेल्या लोकांचा विचार करत होतो.

"आमची बायको मातर खऱ्या शेखाची हाय," पाहुणे पायाजवळचं ढेकूळ फोडत म्हणाले. "तिच्या बापानं मला शेख म्हनूनच पोरगी दिली. अठ्ठावीस वरसं झाली. तिला ठावं न्हाई. पोराला बी न्हाई. म्हनून म्हनतो सोयरं, पोरगी मला पसंत हाय, घर बी पसंत हाय. पन पोरगी शेखाची म्हनूनच यील. तुमाला मी वळखलं आन मला तुमी वळखलं, ते ह्या बांधावरच ऱ्हाऊ द्या."

बा लगेच हो म्हणाला. एवढं सोपं होईल असं त्याला वाटलंच नव्हतं. मला मात्र राहवलं नाही. दोन मुलाणी बांधावर बसून एकमेकांना शेख ठरवत होते आणि मी बी.ए. होतो.

"खोटं कशाला?" मी म्हणालो. "घरात गेल्यावर तिने जन्मभर तोंड सांभाळत बसायचं का?"

"भाऊ, तू गप."

बहीण मागे उभी होती. बाची पिशवी घेऊन यायच्या निमित्ताने आली होती आणि सगळं ऐकलं होतं. मुलगी बघायच्या दिवशी मुलगी बांधावर येऊन सासऱ्याशी बोलते, असं आमच्या गावात आधी झालं नव्हतं. पाहुण्यांनी घाईने टोपी नीट केली.

"मामा," ती म्हणाली. सासऱ्याला तिने तिथेच मामा म्हणून टाकलं. "मी आपनहून कुनाला काय सांगनार न्हाई. पन सासूबाईंनी मला सरळ इचारलं, तर खरं सांगीन. एकदा खोटं बोलले तर रोज बोलावं लागंल, आन माजं डोकं दोन वरसं दुखून दुखून भागलंय. पटत आसंल तर हो म्हना. न्हाईतर चा पिऊन जावा."

बाचा चेहरा पांढरा पडला. ज्वारी झटकलेल्या हाताने घरी बसलेल्या आईचा चेहरा मला दिसू लागला. पाहुण्यांनी आणखी एक ढेकूळ फोडलं. मग तिसरं फोडलं.

"न्हाई इचारलं तर?" ते म्हणाले.

"तर न्हाई."

"अठ्ठावीस वरसांत तिनं मला कवा इचारलं न्हाई," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तुला कशाला इचारील?" आणि उठले.

लग्न माघात झालं. पत्रिका मी लिहिली, कारण अक्षर माझंच बरं होतं. वधूपक्ष शेख, वरपक्ष शेख, आपले नम्र शेख, वाट पाहणारे शेख. एका पत्रिकेत नऊ शेख बसवले आणि छापखानेवाल्याने तक्रार केली, की शे आणि ख इतके त्याच्याकडे नाहीत. फुप्पा मांडवात हिंडून सगळ्यांना सांगत होते, की ही सोयरीक त्यांनी केवळ घराणं बघून जमवली. मुलाची आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. गोरी, ठेंगणी, कुणाशी फारसं न बोलणारी बाई. तिने आमच्या बाच्या अंगठ्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं, चहाचा कप घेतला आणि दुसरीकडे बघू लागली. मी बहिणीकडे पाहिलं, पण तिची मान खाली होती.

पंधरा दिवसांनी बहीण पहिल्यांदा माहेरी आली. एस.टी.तून उतरली तोच आईने विचारलं, "बरी हाईस न्हवं?" तिने पाणी मागितलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो. थोरला भाऊ ऊसतोडीवरून आला होता, तोही.

"इचारलं त्यांनी," ती म्हणाली.

"कवा?"

"तिसऱ्याच दिवशी. तू मुलान्याची का, म्हनल्या. म्या म्हनलं, व्हय."

आईने पदर तोंडाला लावला.

"मंग?"

"मंग म्हनल्या, आन तुझा सासरा? म्या म्हनलं, त्ये त्यास्नी इचारा. त्यांनी न्हाई इचारलं. दोन दिस घरात कुनाशी बोलल्या न्हाईत. चूल पेटवली, भाकरी केली, वाढली, पन तोंडातून सबूद न्हाई. मामा तर पार वाळून गेले. आमचे हे ड्युटीवरून येऊन मला इचारायचे, काय झालं? म्या म्हनलं, आईला इचारा." ती थांबली, पुन्हा पाणी प्याली. "त्यांच्यात आजवर कोंबडी कापायची म्हनलं की मामा ती पिशवीत घालून गल्लीच्या टोकाला खाटकाकडं न्यायचे. स्वतः कापायची न्हाई. हात बघून कुनी वळखंल म्हनून. तर त्या दोन दिसांनंतर सकाळी सासूबाईंनी परसातली कोंबडी धरून आनली, घरातली सुरी आनली आन मामांच्या पुढं ठिवली. म्हनल्या, घरात मानूस असताना खाटकाकडं कशाला?"

"आन त्यांनी?"

"आधी हात धुतले. मंग कापली."

आई डोळे पुसत चुलीकडे गेली. थोरला भाऊ उगाच बैलांकडे बघून येतो म्हणून बाहेर गेला. मी काहीतरी शहाणपणाचं बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो. तेवढ्यात बा पुढे सरकला. इतका वेळ त्याच्या मनात एकच गोष्ट अडकली होती.

"सुरीला धार हुती का?"

"कशाची धार?" बहीण म्हणाली. "कांदा चिरायची सुरी. आधी दगडावर घासत बसले, पार उनं येईस्तोवर."

बाने समाधानाने मान हलवली.

"मंग मानूस बरा हाय," तो म्हणाला.